दूरचं टोक दिसत नाही

सर,

तुमच्या स्वयंपाकघरात मी ओट्याला पाठ टेकून स्टुलावर बसले आहे. हातात तो काळा हँडसेट, बटण दाबलेलं, तोंडातून पहिलं इंग्रजी वाक्य निघणार, आणि नेमकी तेव्हाच काकूंच्या कुकरची शिट्टी होते. लांबलचक, कान फाडणारी शिट्टी. मी इतकी दचकते की बटण सोडायचंच विसरते. भिंतीपलीकडे, बाहेरच्या खोलीत, तुम्ही दुसरा हँडसेट कानाला लावून बसला आहात. तुम्ही शिट्टी पुरी होऊ देता. मग तारेतून तुमचा आवाज येतो, शांत, अगदी सरकारी: "आपल्या विमानातली डाळ शिजली असल्यास कृपया उंची कळवा." काकू पदर तोंडाला लावून हसतात. मला हसू येत नाही. मला खरोखरच उंची आठवत नसते.

हे आज आठवायला कारण आहे. उद्या सकाळी माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. गाठ तशी वाईट नाही म्हणतात, पण आवाजाची नस तिला चिकटलेली आहे, आणि ऑपरेशननंतर आवाज राहील की जाईल हे कुणालाच ठाऊक नाही. धायरीच्या घराच्या गॅलरीत बसून लिहिते आहे. बॅग भरून झाली. आमचे हे औषधांच्या दुकानात गेले आहेत. मला भीती वाटते आहे, सर, आणि ही भीती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. काहीतरी गोड बोलून हा क्षण निभावून न्यावा अशी घाई. ती मला पहिल्यांदा भेटली तुमच्या त्या स्टुलावर. घरात कुणाला हे सांगितलं तर लगेच समजूत घालायला लागतात. तुम्ही कधी समजूत घातली नाहीत, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुमच्याकडे शिकायला आले तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. लग्नाआधीपासून पिंपरीच्या एका कारखान्यात टेलिफोन बोर्डवर बसत होते. दिवा लागला की दोरी खुपसायची, गोड आवाजात विचारायचं, हव्या त्या साहेबांना जोडून द्यायचं. त्या वर्षांत सगळीकडेच नवी यंत्रं येत होती, तसं आमच्याकडे एक आलं. ज्याच्या त्याच्या टेबलावर थेट फोन. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, बोर्डची आता गरज नाही, पण यंत्रात एक आवाज भरायचा आहे, तो तुमचाच भरू या, इतका छान आहे. मी तिथेच बसून इंग्रजीत आणि मराठीत फोन करणाऱ्याचे आभार मानले, आणि हवा तो नंबर दाबा म्हणून सांगितलं. दुसऱ्या महिन्यापासून मी घरी बसले आणि माझा आवाज नोकरीवर राहिला.

तुम्ही तेव्हा हवाई दलातून निवृत्त होऊन खडकी बाजारातल्या दोन खोल्यांत राहत होतात. आम्ही ह्यांच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये, दोन गल्ल्या सोडून. एका संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात उभं राहून ह्यांना म्हणालात, "शहराबाहेर विमान शिकवणारी एक कंपनी निघाली आहे. त्यांना धावपट्टीशेजारी रेडिओवर बसायला माणूस पाहिजे. पोरं येतात आणि वर्षभरात स्वतःच विमानात जाऊन बसतात. पोरी लग्न करून जातात. तुमच्या मिसेसना एका जागी बसायची सवय आहे, इंग्रजी चांगलं आहे, आणि लग्न होऊन गेलेलं आहे."

"झालंय खरं," हे म्हणाले. "त्याला परवाना लागला नव्हता."

"याला लागतो," तुम्ही म्हणालात. "सरकारी परीक्षा आहे. मी शिकवीन."

मी आतून ऐकत होते. विमान मी तोवर फक्त लोहगावच्या बाजूने डोक्यावरून जाताना पाहिलेलं. त्याच्याशी बोलायचं म्हणजे काय, हेच मला कळेना. तुम्ही दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलंत. मोठ्या विमानतळावर मनोऱ्यातला माणूस हुकूम देतो. छोट्या पट्टीवर हुकूम नसतो, नुसती माहिती असते. वारा कुठून आहे, पट्टीवर काय आहे, आसपास दुसरं कोण उडतं आहे, एवढं सांगायचं. उतरायचं की नाही ते वरचा ठरवणार. "म्हणजे मी त्याला थांबवू शकत नाही?" मी विचारलं. "नाही." "तो चुकत असला तरी?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "तुम्हाला जे दिसतं ते त्याला सांगता येते. त्याच्यापुढे तुमचं काही नाही." मला वाटलं होतं हुकूम नाही म्हणजे काम सोपं असेल. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तुमच्याकडे शिकायला येणारी बाकीची सगळी मुलं विमान चालवायला निघालेली. मोटरसायकली तुमच्या दारात लावायची, मला आंटी म्हणायची, आणि परवान्याची वाक्यं सिनेमातल्या संवादांसारखी फेकायची. मी पाठांतरात त्यांच्या पुढे होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, उच्चारात खोट निघायची नाही. पण बटणावर बोट गेलं की काहीतरी व्हायचं. प्लीज, सॉरी, थँक यू, काइंडली, सगळं आपोआप बाहेर यायचं. तुम्ही बाहेरच्या खोलीतून ओरडायचात, "बाई, वरचा माणूस जीव मुठीत धरून बसला आहे, त्याला पत्रिका देऊन राहिल्या का तुम्ही?" रागावलात की तुमच्या बोलण्यात नागपूर यायचं. काकू हळूच म्हणायच्या, "रागावू द्या त्यांना. माझ्यावर तर बिनतारीच रागावतात." बुद्धाच्या मूर्तीपुढे काकूंनी ठेवलेली फुलं मला त्या स्टुलावरून दिसायची, आणि मी माझ्या शाळेतल्या प्रार्थनेचे शब्द मनात म्हणत त्या फुलांकडे बघत राहायचे.

परीक्षा मुंबईला होती. एका खोलीत मी, दुसऱ्या खोलीत परीक्षक, मध्ये तार. परीक्षा सगळ्यांना एकच, म्हणून तिथे आपण वैमानिक व्हायचं. समोर नकाशा, एका खोट्या विमानाचा खोटा प्रवास. सुरुवात बरी झाली. मग कानात आवाज आला: तुमच्या डावीकडून, तुमच्या खालून, एक विमान येतं आहे, दिसलं की सांगा. आणि मी क्षणाचाही विलंब न लावता म्हटलं, "ट्रॅफिक इन साइट, सर, थँक यू सो मच." परीक्षकांनी विचारलं, ते तुमच्या वर आहे की खाली? मी म्हटलं, वर. त्यांनी तर नुकतंच खाली म्हणून सांगितलं होतं. तारेत बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. त्या खरखरीचा आवाज आजही स्वप्नात ऐकू आला की मी उठून बसते.

नापास झाल्याचं सांगायला आले तेव्हा काकू भाकऱ्या थापत होत्या. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, मग हँडसेटची तार गुंडाळत म्हणालात, "कुटं दिसलं जी तुमाले थे विमान? त्या खोलीला तर खिडकी बी नाही."

"मग काय म्हणायचं होतं?"

"नाही दिसत म्हणायचं."

"पण सर, ते बरं वाटत नाही."

"कोणाले?"

शाळेत सिस्टर सांगायच्या, चांगल्या घरची मुलगी 'मला माहीत नाही' म्हणत नाही, ती हसते आणि 'जस्ट अ मोमेंट' म्हणते. बोर्डवरही तेच. साहेब खुर्चीत आहेत की नाहीत हे न बघता 'ते मीटिंगमध्ये आहेत' म्हणायचं, पलीकडच्याला बरं वाटेल असं. सगळं आयुष्य मी समोरच्याला बरं वाटेल ते सांगत आले होते, आणि तेच माझं कौशल्य म्हणून नावाजलं गेलं होतं. मी रडायला लागले. काकूंनी माझ्यापुढे भाकरी आणि झुणका ठेवला. तुम्ही म्हणालात, "जेवा. रविवारी खडकी स्टेशनच्या पुलावर या."

रविवारी तुम्ही पुलाच्या कठड्याला रुळांकडे पाठ करून टेकलात, आणि मला रुळांकडे तोंड करून उभं केलंत. "आता मी आंधळा," तुम्ही म्हणालात. "एक नंबरला गाडी आहे?"

"आहे, सर."

"कोणती?"

"लोणावळ्याची."

"कशावरून?"

"या वेळेला तीच असते."

"वेळ विचारली का मी? पाटी वाचता येते?"

"नाही."

"मग?"

"गाडी आहे. कोणती ते दिसत नाही."

"हां. सिग्नल?"

"हिरवा असेल."

"असेल?"

"मध्ये खांब येतोय, सर."

"मग खांब म्हणा ना जी. खांब दिसते ना? मग त्याचं सांगा."

डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई बराच वेळ आमच्याकडे बघत थांबली होती. ती मला म्हणाली, "सासरं का गं तुझं? दिसत न्हाई व्हय त्यांना?" मी तोंड उघडायच्या आत तिनं एका हातानं पाटी सावरत दुसऱ्या हातानं तुमचा दंड धरला. "चला आजोबा, म्या न्हेते खाली. ही नुसती तुमची परीक्षा घेत बसलीया." आणि तुम्ही एक अक्षर न बोलता डोळे मिटलेत आणि तिच्याबरोबर जिना उतरायला लागलात. ती तुम्हाला प्रत्येक पायरी सांगत होती: हितं फुटलीय, हितं पाणी हाय, आता सपाट. खाली पोचल्यावर तुम्ही वर बघून ओरडलात, "ऐकलं का बाई? हिला परवाना देऊन टाका!" ती बिचारी गोंधळून तुमच्याकडे बघतच राहिली. मग तिला कळलं, आणि तिनं तुम्हाला जे काही ऐकवलं ते खडकी बाजारापर्यंत ऐकू गेलं असेल.

परत येताना मी तुम्हाला म्हटलं की मला भीती वाटते. परीक्षेची नव्हे, पुढची. खरंच कुणीतरी वर असेल आणि मी खाली असेन, त्याची. तुम्ही चालत राहिलात. मग म्हणालात, "वाटू द्या. भीती वाटली की माणूस जास्त बोलते. समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलते, स्वतःला बरं वाटावं म्हणून बोलते. तुम्ही कमी बोला. भीती राहू द्या आपल्याजवळ, ती बटण दाबून वर पाठवू नका." हे पत्र किती लांबत चाललं आहे ते बघून तुम्ही माझी आजची अवस्था ओळखालच.

दुसऱ्या खेपेला तार तीच, खरखर तीच, बहुतेक परीक्षकही तेच. बटणावरचं बोट घामानं घसरत होतं. समोरून विमान येत असल्याचं त्यांनी सांगितलं, मी कोऱ्या भिंतीकडे बघितलं आणि म्हटलं, "निगेटिव्ह कॉन्टॅक्ट." दिसत नाही. पुढे थँक यू नाही, सॉरी नाही. तोंडी परीक्षेत एका प्रश्नाला मी "आय डू नॉट नो, सर" म्हटलं. माझ्या तोंडून हे वाक्य एका परक्या साहेबापुढे पहिल्यांदाच निघत होतं. आता उठून जायला सांगतील म्हणून मी पर्ससुद्धा उचलली. त्यांनी मान खाली घालून पुढचा प्रश्न विचारला.

परवाना आला त्या दिवशी तुम्ही मला हवाई दलातला तुमचा तपकिरी मफलर दिलात. "पट्टीवर वारा असतो. गळा सांभाळा," एवढंच म्हणालात. तो मफलर मी बरेच हिवाळे वापरला, मग त्याला कसर लागली. तुम्ही मात्र तो पहिला हिवाळाही पुरता पाहिला नाहीत. सकाळी दूध आणायला म्हणून गेलात, आणि बाजारातल्या लोकांनी तुम्हाला उचलून घरी आणलं. मी पट्टीवर रेडिओशी होते. निरोप पोचेपर्यंत दुपार झाली होती. तुमच्या घरी आले तेव्हा बाहेरच्या खोलीत माणसं मावत नव्हती, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. काकू आत आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही तरी बसा जी, तुमची जागा आहे ती."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जे झालं ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. सकाळचं धुकं होतं. शिकणारा एक मुलगा एकटाच वर गेला होता, त्याची दुसरी-तिसरीच एकट्याची फेरी असेल. आमच्या पट्टीचं दूरचं टोक खोलगट आहे, माझ्या खोलीतून ते एरवीही पुरतं दिसत नाही, धुक्यात तर नाहीच. मघाशी धनगराची मेंढरं त्या बाजूला जाताना मी पाहिली होती. पट्टी ओलांडून गेली असतील, नसतीलही. मुलानं विचारलं, पट्टी मोकळी आहे का? त्याच्या आवाजात सगळं होतं. त्याला फक्त 'हो' ऐकायचं होतं. खोलीत मालक उभे होते, कुणा पाहुण्याला धंदा दाखवायला घेऊन आलेले, आणि त्यांनाही 'हो'च ऐकायचं होतं. माझ्या जिभेवर तो गोड शब्द येऊन बसला होता, सर. मी बटण दाबलं आणि सांगितलं: जवळचा अर्धा भाग मोकळा आहे, दूरचं टोक दिसत नाही, मेंढरं त्या दिशेला गेलेली पाहिली आहेत. मग बटण सोडलं. थांब म्हणायचा मला हक्क नव्हता. तो खाली येत राहिला, येत राहिला, आणि अगदी शेवटी इंजिन ओरडलं आणि तो आमच्या छपरावरून पुन्हा वर गेला.

तिथे काहीच नव्हतं. गाडी घेऊन माणूस बघून आला, पट्टी पार टोकापर्यंत रिकामी होती. मालक पाहुण्यादेखत मला म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला दिसण्याचा पगार देतो, न दिसण्याचा नाही." पाहुणा हसला. मी बरोबर केलं की चूक, हे मला सांगणारं कुणी नव्हतं, आणि तुमच्याकडे येण्याची सोय राहिली नव्हती. मुलगा उतरल्यावर खोलीत आला, माझ्या टेबलावरच्या तांब्यातलं सगळं पाणी पिऊन गेला.

तेव्हापासून मी तिथेच आहे. पट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेतं होती, तिथे आता काचेच्या इमारती आहेत. मालक दोनदा बदलले. माझ्याशी बोलून पहिल्यांदा उतरलेली मुलं मोठमोठी विमानं चालवतात. परवा एका लग्नात पाठीमागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, वारा काय आहे?" वळून बघते तर टक्कल पडलेला माणूस. चेहरा काही ओळखीचा वाटेना. त्यानं मला पाठमोरी असताना, जेवणाच्या रांगेत वाढप्याशी बोलताना ओळखलं होतं. त्यांच्यापैकी बहुतेकांना मी म्हणजे तेवढीच माहीत आहे, नुसता आवाज.

गाठ मुलीला सापडली. ती हिंजवडीला कंपनीत आहे, रात्रंदिवस अमेरिकेशी बोलत असते. दिवाळीत माझ्या गळ्यात हार अडकवून देत होती. "आई, हे काय आहे?" "मंगळसूत्र." "त्याच्या खाली गं." मग तपासण्या झाल्या, आणि मग तो डॉक्टर. तरुण आहे. चित्र काढून सगळं समजावलं: ही गाठ, ही नस, ही इथे चिकटली आहे. मी विचारलं, आवाज राहील ना? तो म्हणाला, "उघडल्यावर दिसेल. आज मला दिसत नाही." मी म्हटलं, तरी तुम्हाला काय वाटतं? तो म्हणाला, "काकू, मला वाटण्यावर मी काही सांगत नाही."

मला त्याचा इतका राग आला, सर. जिन्यातच मी ह्यांना म्हटलं, "दुसरा डॉक्टर बघू या. हा उद्धट आहे." हे म्हणाले, "पुण्यात उद्धट नसलेला शोधत बसलो तर तोवर गाठ कंटाळून स्वतःच निघून जाईल." रिक्षात मी तोंड फिरवून बसले. स्वारगेटच्या सिग्नलला बराच वेळ अडकलो होतो. तिथे हॉर्नच्या गदारोळात माझ्या ध्यानात आलं की मी त्या मुलाकडून काय मागत होते. त्याला न दिसलेलं मला दिसलं म्हणून सांग, एवढंच. वर थँक यू सो मच. इतकी वर्षं मी खालून सांगत आले आणि वर बसून ऐकणाऱ्याचं काय होतं ते मला या वयात कळतं आहे. त्या धुक्यातल्या मुलानं माझ्या टेबलावरचं पाणी का संपवलं तेही.

बाकी सगळे मला पट्टी मोकळी असल्याचं सांगतात. मुलगी म्हणते, "आई, रूटीन असतं हे, मी इंटरनेटवर सगळं वाचलंय." हे म्हणतात, "काही होत नाही." शेजारच्या वहिनी म्हणतात त्यांच्या जाऊबाईंचं असंच झालं होतं आणि आता त्या भजन म्हणतात. किती प्रेमाने सांगतात, आणि एकालाही टोक दिसत नाही. मी हसते, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणते, हो हो, मला काही काळजी नाही. परवा घरी कुणी नसताना मी कारखान्याचा जुना नंबर फिरवला. माझा आवाज अजून तिथे आहे का, मला ऐकायचं होतं. दुसरीच मुलगी बोलली, छान बोलली, तीन भाषांत. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. हे नेमके दारात आले. "कुणाचा फोन?" "राँग नंबर."

काल पट्टीवर ऑपरेशनआधीचा शेवटचा दिवस भरला. माझ्याबरोबर जी काम करते ती इथलीच, धायरी गावातली, पदरात लहान मूल असताना परवाना मिळवला तिनं. रेडिओवर तिचं इंग्रजी चोख, माझ्याशी मात्र गावचं बोलते. "मॅडम, तुमी निवांत जावा. म्या हाय की." मग थोड्या वेळानं, "पर मला लई भ्या वाटतंय वो." मी तिला वाटू दे म्हटलं, आणखी काही सांगितलं नाही. संध्याकाळचं शेवटचं विमान मीच उतरवून घेतलं. वारा सांगितला, पट्टी सांगितली. मुलगा "थँक यू, मॅम" म्हणाला. तसं म्हणायची पद्धत नाही, पण मी त्याला टोकलं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुमच्या दोन खोल्यांत आता मोबाइलचं दुकान आहे. काकू मुलाकडे नागपूरला असतात, त्यांना वाचून आता काही कळत नाही म्हणतात. तुम्ही असतात तर मी आज खडकीला आले असते आणि तुम्हालाही तेच विचारलं असतं, आवाज राहील ना, सर? तुम्ही हो म्हटलं नसतंत, हे मला माहीत आहे. पण फक्त आजच्यापुरतं तुम्ही खोटं बोलला असतात तर मला चाललं असतं.

घरच्यांसाठी वेगळं काही लिहायला घेतलं की हात थांबतो. तुम्हाला सांगते आहे असं समजून लिहिलं की जमतं, म्हणून तेही इथेच लिहिते. हे शेवटचं पान फाडून ह्यांच्या पाकिटात ठेवणार आहे.

पट्टीवरच्या खोलीतलं दुसरं घड्याळ, जे आपल्या वेळेवर नाही, विमानांच्या जागतिक वेळेवर चालतं ते, मी माझ्या पैशानं घेतलेलं आहे. ते धायरीच्या तिला द्यावं, आणि त्याचा सेल दिवाळीला बदलायचा असतो हे सांगावं. माझी हिरवी पैठणी मुलीला. ती नेसणार नाही, तरी तिलाच. काकूंना जांभळ्या काठाची शाल, आणि ती पोस्टानं न पाठवता कुणीतरी घेऊन जावी, त्यांच्या खांद्यावर घालावी. शाळेतली माझी जपमाळ आमच्या चौकातल्या चर्चमध्ये जी म्हातारी बाई फुलं बदलते तिला, मी ख्रिश्चन नाही हे तिला ठाऊक आहे. गॅलरीतल्या कुंड्या ह्यांना. कढीलिंबाला रोज पाणी नको, ह्यांनी प्रेमानं आधीचे दोन मारले.

आणि त्या डॉक्टरला चांगल्या दुकानातले पेढे. आवाज राहिला तर राहिला म्हणून. नाही राहिला तरीही द्यायचे, तेव्हा मला त्याचं तोंडसुद्धा बघवणार नाही, मी नको म्हणून हातवारे करीन, म्हणून आज लिहून ठेवते. माझं ऐकू नका. त्याला पेढे द्या.